सानियातचा रुमाल

आमच्या दागेस्तानात बाईने डोक्यावरचा रुमाल काढून दोन भांडणाऱ्यांमध्ये टाकला, की उपसलेले खंजीरही म्यानात जातात. या रिवाजाने शेकडो वर्षं माणसं वाचवली आहेत. एकाचं अजिंक्यपद तेवढं गेलं.

आमच्या राजधानीत, मखाचकालात, एमएमएच्या म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यातल्या ठोसे-कुस्तीच्या अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठी लढत होती. आमचा इसाल शेजारगावच्या आर्सेनच्या छातीवर बसून त्याला बदडत होता. तेवढ्यात इसालच्याच कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या आईने, सानियातने, रुमाल पिंजऱ्यात फेकला. इसाल लगेच उठला.

"आई, जिंकत होतो ना गं मी!"

"म्हणून काय जीव घेशील त्याचा? शनिवारी त्यांच्याकडे लग्नाला जायचंय. त्याच्या आईला काय तोंड दाखवू?"

आर्सेन नाकाचं रक्त पुसत खालूनच म्हणाला, "या हं मावशी, नक्की या."

पंच लिस्बनचा. कोपऱ्यातून कापड आत पडलं म्हणजे त्या कोपऱ्याने हार मानली, एवढंच त्याला ठाऊक. त्याने आर्सेनला धरून उभं केलं आणि त्याचा हात वर केला.

अठरा लढतींत इसालचा हा एकच पराभव. नोंदीत कारण लिहिलंय: टॉवेल.