बापाच्या टोपीखाली

तिपोको शिंकली, तशा सगळ्या दरबाराने चुटक्या वाजवल्या. राजा शिंकला की पश्चिम आफ्रिकेतल्या मोस्सी लोकांच्या दरबारात चुटक्या वाजतात. राजाला मातीआड करून बरेच दिवस झाले होते, पण चुटक्या काही थांबल्या नव्हत्या. नवा राजा टोपी घालेपर्यंत मेलेल्या राजाची थोरली लेक राजा असते. ती बापाचे कपडे आणि टोपी घालते, बापाच्या आसनावर बसते, तिलाही 'नाबा', म्हणजे राजा, म्हणतात आणि ती बोलते तो बापाचाच शब्द धरतात. नव्याच्या डोक्यावर टोपी चढली की तिला मागच्या दाराने घालवून देतात. मग तिने जन्मात पुन्हा इथे पाऊल टाकायचे नाही.

"काय रे राजा, दाढी कुठं विसरलास?" दाराशी बसलेला एक सामो ओरडला. सामो लोकांना मोस्सींची थट्टा करायचा पिढीजात हक्क. मयताच्या घरी तर त्यांना जास्तच चेव येतो. "मातीखाली गेल्या गेल्या गहाण टाकलीस काय, बियरसाठी?"

लोक पोट धरून हसले. तिपोकोचा हात आपसूक हनुवटीकडे गेला आणि नसलेली दाढी कुरवाळू लागला. दोन बोटांनी, थेट म्हाताऱ्या बापासारखी. हसू जागच्या जागी विरले. सामोही जरा मागे सरकला. तिपोकोला आपल्याच हाताची भीती वाटली. अंगरख्याला अजून कोलाफळांचा आणि तंबाखूचा वास होता. रोज सकाळी तो डोक्यातून घालताना तिला वाटायचे, आत आधीच कुणीतरी आहे.

"सिब्दू आली आहे," कारभारी म्हणाला.

सिब्दू म्हणजे तिपोकोची आई. तिपोको लहान असताना सिब्दूच्या एका सवतीचे पोर तापाने गेले. रिवाजाप्रमाणे पोराची तिरडी दोघा गड्यांच्या डोक्यावर देऊन त्यांना मोकळे सोडले. ज्याने जीव खाल्ला त्याच्या दारी तिरडी आपण होऊन जाते, असे म्हणतात. तिरडी सिब्दूच्या दाराला धडकली. "बाहेर," एवढेच राजा बोलला, तेही भिंतीकडे बघत. तेव्हापासून ती गावाबाहेर, टाकलेल्या बायकांत राहून सूत कातत होती. मेलेल्या राजाचा शब्द नवा राजा फिरवू शकत नाही. फिरवायचा तर त्याचा त्यानेच. म्हणजे आताच, तिपोकोच्या तोंडून. टोपी एकदा नव्या डोक्यावर गेली की सिब्दू मरेपर्यंत लेकरे खाणारी, आणि मेल्यावरही तीच.

आई आत आली आणि खाली मान घालून समोर लोटांगण घालून पडली. तिपोकोला तिच्या मानेची हाडे तेवढी दिसली. पायांच्या भेगांत लाल माती भरली होती.

"नाबा, मी त्या लेकराला खाल्लं नाही," आई जमिनीकडेच बघत म्हणाली. "मला माझ्या अंगणात मरू द्या."

"तू नाही खाल्लंस. मला ठाऊक आहे," तिपोको म्हणाली. "ये. घरी ये गं."

तिचा आवाज फुटला. तो सगळ्यांनी ऐकला. कोपऱ्यात राजाच्या विधवा बसल्या होत्या. त्यांच्यातल्या, पोर गेलेल्या त्या सवतीने हाताची घडी घातली. राजा बोलला की कारभाऱ्याने काठी आपटून तेच पुन्हा म्हणायचे, तेव्हा कुठे तो राजाचा शब्द होतो. कारभाऱ्याची काठी हलली नाही.

"हे लेकीचं बोलणं झालं," तो हळूच म्हणाला. म्हातारा काही वाईट माणूस नव्हता. "नाबांचा शब्द मी जन्मभर उचलला, मला कळतो तो. लेकीच्या शब्दावर काठी आपटली तर उद्या ह्याच बायका सिब्दूला दगड मारतील. नाबांनाच बोलू दे, पोरी."

बाहेर एक गाढव ओरडत होते.

"नाबा," आई पडल्या पडल्या म्हणाली, "अजून एक विचारते. माझी तिपोको बरी आहे का हो?"

तिपोकोच्या डोळ्यांत पाणी दाटले. हात लांब केला असता तर आईच्या डोक्याला लागला असता. बरी आहे गं, तिला सांगायचे होते. तिला मुलं आहेत, धाकटीचं नाव तुझं ठेवलंय. टोपी भिरकावून द्यावी आणि आईच्या गळ्यात पडावे, असे तिला वाटले. लहानपणी ती नवे मणी घालून बापापुढे उभी राहायची, तेव्हा तो भिंतीकडे बघत शेजारच्याला एकच गोष्ट विचारायचा. ती तिला आठवली. तिची दोन बोटे हनुवटीवर गेली. मान सावकाश भिंतीकडे वळली. तोंडातून आवाज आला तो जाडाभरडा होता, आणि कंटाळलेला.

"कोण तिपोको?" तो आवाज म्हणाला. "जा, आत जा. दार अडवू नकोस."

विधवांमधली एक किंचाळली आणि तिने तोंडावर पदर ओढला. खाली जमिनीवरून एक सुस्कारा आला, हवे तेच उत्तर मिळाल्यासारखा.

काठी जोरात आपटली. "नाबा बोलले!" कारभारी म्हणाला. "दार अडवू नकोस, सिब्दू. आत जा."

आई उठली. आसनाला वळसा घालून ती विधवांच्या अंगणाकडे निघाली. एवढी जवळून गेली, की तिच्या अंगाचा कच्च्या सुताचा वास त्या कोला-तंबाखूच्या वासातूनही आला. एकदा, एकदाच तिचे तोंड बघावे म्हणून तिपोको मान वळवू लागली.

मान वळेना.