बहिरूची हाळी

नव्या प्रार्थनाघराचं आढं अर्ध्यावर अडकलं. एक टोक मेढीच्या खांबाच्या बेळक्यात बसलं व्हतं, दुसरं माचाणावर उभ्या सहा जणांच्या खांद्यावर. वर जाईना की खाली येईना. ऐनाचं ओलं लाकूड ते. डोंगरातनं गाडीत आणताना बैलांनी जीभ काढली व्हती, माणसांचं काय सांगावं.

कुशाबा सगळ्यात कडंला, पार दुसर्‍या मेढीजवळ. साठी उलटलेली, पाय लटलट कापत व्हते.

"सोडू नका रं," तो म्हणाला. "सोडलं की मी गेलो."

समोर गाडीवाटेच्या पल्याड ख्रिस्ती मंडळीचं जुनं दगडी देऊळ. त्याच्या पायर्‍यांवर वीस-पंचवीस जण नुसते बघत उभे. परवापरवापर्यंत कुशाबासंगं एका भाकरीचं प्रभुभोजन घेणारी मंडळी ही. पुण्याला मिशनातल्या वरच्या लोकांचं फाटलं, आन् हितं वाडीत देव वाटून घेतला. देऊळ त्यांच्याकडं गेलं. कुशाबाच्या लोकांच्या वाट्याला आंब्याची सावली आली. त्यातली बी दोन घरं कंटाळून परत तिकडं गेली. आज आढं चढलं न्हाई तर राहिलेली बी जातील, हे कुशाबा जाणून व्हता. म्हणून तर एवढ्याशा माणसांत एवढं लाकूड उचलायची हिंमत त्यानं केली.

"येशूच्या नावानं—" त्याचा जावई सावळा ओरडला. "हैस्सा!"

दोघांनी आदी रेटलं, बाकीच्यांनी मागनं. आढं घसरून चार बोटं खाली आलं. कुशाबाच्या तोंडातनं असा आवाज निघाला की त्याच्या बायकोनं, सारजाबाईनं, पदर खोचला आन् वाट ओलांडून तडक पायर्‍यांपाशी गेली.

पायरीवर बहिरू उभा व्हता. कुशाबाचा पाठचा भाऊ. वाडीत कुणाचं बी घर उभं राहायचं तर हाळी बहिरूची. तो आवाज घालायचा आन् माणसं एका दमात रेटायची.

"भावजी, चला."

"वैनी, पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपत घेतलीया. त्या घराला हात लावायचा न्हाई."

"मग नका लावू. हितनंच हाळी द्या."

"हाळीत येशूचं नाव येतं. तुमच्यासंगं प्रार्थना बी करायची न्हाई, आसं ठरलंय."

त्यानं मागं बघितलं. मागं भिवाजी, त्या मंडळीचा पुढारी.

"ठरलंय ते ठरलंय, सारजाबाई," भिवाजी म्हणाला. "आमी सांगितलं व्हतं का त्यांला लाकूड उचलाया?"

सारजाबाईनं त्याच्याकडं बघितलं बी न्हाई.

"भावजी, तुमचा भाऊ लाकडाखाली चेपतोय. तेवढं बघून घ्या. बघायची तर शपत न्हाई ना?"

बहिरूनं बघितलं. कुशाबाचा एक गुडघा माचाणाला टेकला व्हता. मान वाकडी झाली व्हती.

बहिरूनं छाती भरून दम घेतला आन् तोंड उघडलं. रोजचं नाव घशाशी आलं, तितंच अडलं. मग जे भाईर पडलं ते त्याच्या आज्याचं व्हतं. बाप्तिस्म्याच्या आदी ह्या वाडीतली घरं ज्या नावानं उभी राहायची, ते.

"येळकोट येळकोट—!"

"जय मल्हार!"

सगळ्यांचा रेटा एकदम बसला. कुशाबा गुडघ्यावरनं उठला. आढं वर गेलं आन् दाणकन् बेळक्यात बसलं. भिंतीची माती ढळढळ गळली.



आढं बसलं तरी खालनं कुणी हात काढीना. सावळा सासर्‍याकडं बघत व्हता. कुशाबा वर बघत व्हता. त्याच्या गालावरनं पाणी वाहात व्हतं, ते घामाचं का कशाचं ते त्यालाच ठावं.

"कुणाच्या नावानं चढलं रं हे?" त्यानं इचारलं.

 सहा माणसांच्या गळ्यातनं एवढा मोठा आवाज निघत न्हाई, हे आता सगळ्यांलाच कळलं व्हतं. पल्याड पायर्‍यांवर माणसं माना खाली घालून उभी व्हती, आन् भिवाजीनं सोताच्या तोंडावर दोन्ही हात गच्च दाबून धरले व्हते.