ओली गाठ

"दोरा ओठांवर ओला करायचा, गाठ मागून मारायची. पुढून नक्षी कशी हसली पाहिजे," हातमागावर बसून डावखुरी आई लेकीला शिकवायची. कापड अर्ध्यावर सोडून ती गेली.

लेकीने तेच अर्धं कापड स्कॅन करून डिजिटल छपाईला लावलं.

"छापलेल्या कापडाला कुठला आलाय जीव!" विणकर बाबा फणकारले.

यंत्रातून नक्षी सरसर उतरली. अर्धी झाली, तरी थांबली नाही. लेकीने कधीच न काढलेली पाखरं पार काठापर्यंत उडत गेली.

बाबांनी छापील कापड उलटं केलं. मागे आईची डावखुरी गाठ होती. अजून ओली.

"आता बोला, बाबा!"

"जाताना म्हणाली होती, 'उरलेलं पोरगीच पुरं करील, सांगा तिला.' माझ्यातल्या विणकराला झोंबलं, नाही सांगितलं. जिंकलात गं दोघी."