पालुपीची जागा

मुर्तिनी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा चटईवरचा क्रम पुन्हा बदललेला होता.

सकाळीच तिने आपल्या सगळ्या कथा ओसरीवर ओळीने मांडल्या होत्या. सालातिगा शहरात वारा डोंगरावरून येतो, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक सालाकचं फळ ठेवलं होतं. उतारवयात तिचं पहिलं पुस्तक निघत होतं. कोणती कथा आधी, कोणती नंतर, ते आज प्रकाशकांना कळवायचं होतं. तिने शेवटी ठेवलेली कथा आता मधेच, भुताच्या कथेशेजारी जाऊन बसली होती.

"अहो, हात लावलात ना?"

हर्जोनो फळ सोलत बसला होता. "भूक लागली. एक घेतलं."

"फळ घ्या की खुशाल! कथा कशाला हलवता?"

तिने ती कथा उचलली आणि परत शेवटी ठेवली.

ती पालुपीची कथा होती. पालुपी त्यांची एकुलती एक लेक. सेमारंगला कॉलेजात होती. सुट्टीत घरी आली आणि म्हणाली, शिक्षण सोडते, मला गायचंय. बापलेकीचं कडाक्याचं वाजलं. हर्जोनो तावातावाने म्हणाला, "जा मग! कोण अडवतंय तुला?" ती पिशवी उचलून गेली. घाटाच्या उतारावर बस उलटली.

त्यानंतर घरात बोलणं कमी झालं ते झालंच. मुर्तिनी लिहायला लागली. ती लिहायची आणि हर्जोनो वाचायचा, पेन्सिलीने चुका काढायचा, क्वचित हसायचासुद्धा. फक्त ही एक कथा त्याने पान न उलटता परत केली होती. त्या कथेत फारसं काही घडत नाही. भांडून निघालेली मुलगी बसथांब्यावरून माघारी फिरते, घराशी येते आणि बाप दार उघडतो. एवढंच.

फोन वाजला. प्रकाशनातली निकेन होती.

"मावशी, ठरलं का? ती मुलीची कथा शेवटीच हवी हं. वाचणारा डोळे पुसतच पुस्तक मिटेल बघा."

"शेवटीच ठेवलीय," मुर्तिनी म्हणाली. "भात उतरवते आणि सगळा क्रम कळवते."

भात उतरवून ती बाहेर आली. कथा आता सगळ्यांत पहिली होती.

मुर्तिनीचा संयम सुटला. "नको असेल तर सरळ नको म्हणा ना! काढूनच टाकते. पोर पुस्तकात आलेलीसुद्धा सोसत नाही तुम्हाला!"

शब्द तोंडून गेले आणि तिला वाटलं, जीभ झडली असती तर बरं. हर्जोनोने हातातलं फळ खाली ठेवलं. लुंगीला हात पुसले, मग पुन्हा पुसले.

"वाचलीय मी ती."

"कधी?"

"तू बाजारात जातेस तेव्हा." तो चटईकडेच बघत होता. "दर वेळी वाचतो. तीत मी दार उघडतो."

मुर्तिनी चटईच्या कडेला बसली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की हा माणूस दगड झाला आहे. तिने विचारलं, "मग शेवटी का नको?"

"शेवटी ठेवलीस की ती दारात येते न येते तोच पुस्तक संपतं. आत येऊन बसायलाही मिळत नाही पोरीला." त्याने मधल्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "मधे ठेवून पाहिली. अर्ध्याच कथा उरतात."

आत फोन पुन्हा वाजू लागला. दोघांपैकी कुणीही उठलं नाही. वाऱ्याने पहिल्या गठ्ठ्याचं वरचं पान उचललं, तसा हर्जोनोने त्यावर तळवा ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"पहिलीच राहू दे गं," तो म्हणाला. "म्हणजे पुढच्या सगळ्या कथांत ती घरात असेल."