दोन इंजिनांमधला फरक

जेट विमानाच्या दोन इंजिनांमधून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान ताडून बघण्यात माझी तीस वर्षं गेली. नुसत्या आकड्यावर आम्ही जात नाही, दोन्हींमधला फरक बघतो. बायकोला पक्षाघाताचा झटका आला, तिचा डावा हात लुळा पडला, तेव्हापासून मी रजा टाकून घरीच होतो. रोज सकाळी तिचे दोन्ही हात हातात घेऊन बघायचो. उजवा उबदार, डावा गार.

"हा फरक मिटल्याशिवाय मी हँगरमध्ये पाऊल टाकणार नाही," मी सांगून टाकलं होतं.

आज डावा हात उजव्याहून गरम लागला.

"बघा! आता जा बरं कामावर. दिवसभर डोकं खाता माझं."

पण इंजिन एका रात्रीत सुधारलेलं दिसलं, तर आम्ही आधी सेन्सरवर संशय घेतो. मी पांघरूण उचललं. खाली गरम पाण्याची रबरी पिशवी!

"लबाड! कोणी भरून दिली ही?"

"घरात आहे कोण दुसरं? मीच भरली, तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा."

"आणि झाकण? ते तर मलाही जोर लावून फिरवावं लागतं."

"त्यात काय एवढं? पिशवी या हातात अशी घट्ट धरली, आणि उजव्या हातानं..."

बोलता बोलता ती थांबली. दाखवायला म्हणून उचललेल्या डाव्या हाताची मूठ हवेत तशीच मिटलेली होती.