पाहुण्याची भूक

"अजून एक भाकरी टाक," नीरजा म्हणाली. दिगंबरने तोंड वाकडं करत तवा पुन्हा शेगडीवर ठेवला.

द्रासला आल्यापासून बायकोची भूक वाढली, तेव्हा तो आधी स्वतःच्या हाताच्या चवीवर खूश झाला होता. मग कळलं, ती भूक तिची नव्हतीच. वनखात्याच्या कामासाठी तिच्या कानामागे बसवलेल्या चकतीतून डोंगरावरच्या तपकिरी अस्वलाची भूक तिला लागायची आणि ती जेवली की तिची तृप्ती त्याला पोचायची. हिवाळी झोपेआधी खा-खा सुटलेलं ते अस्वल मग मेंढवाड्यावरून परत फिरायचं. नाही फिरलं, तर मेंढपाळ बंदुका घेऊन बसलेलेच होते.

"मी उपाशी असलो तर तुला सांगावं लागतं," दिगंबर पुटपुटला. "त्याचं बरं न सांगता कळतं!"

"अरे, कुंपणापाशी आलाय तो! भांडण नंतर कर, आधी पिठलं वाढ."

ती घाईघाईने जेवली आणि डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने तिचा चेहरा निवळला.

"वळला," ती म्हणाली. "पोट भरलं रे माझ्या राजाचं."

इतक्या वर्षांच्या संसारात दिगंबरला तिने असं कधी म्हटलं नव्हतं. तो पाठ फिरवून कढई खरवडत राहिला. शेवटी त्याला राहवलं नाही.

"पिठलं आवडलं का त्याला?"