उद्धवकाकांचा वाघ

चित्रस्पर्धेसाठी वाघ काढायचा होता. मग काय, थेट उद्धवकाकांचं घर गाठलं! इंग्रज गेले त्या वर्षी स्वतः मारलेल्या वाघाचं कातडं त्यांच्या ओटीवर टांगलंय, आणि त्या शिकारीची गोष्ट अख्ख्या चिखलीला तोंडपाठ. समोर बसून मी केसन् केस उतरवला.

गुरुजी चित्र बघून खो खो हसले. "अगं, हा वाघ की बोकड? उद्या नवा आण, नाहीतर स्पर्धेतून तुझं नाव काढतो."

तशीच धावत परत गेले. नीट दिसावं म्हणून कातड्यावरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली, तर काळा पट्टाच फडक्यावर उतरला!

उद्धवकाका बाजेवरून ताडकन उठले.


"गप, गप! वरडू नगंस पोरी. बस हितं, पट्टं कसं काढायचं ते म्याच शिकवतो!"